उशिराची चिठ्ठी

"अहो! अहो, तपकिरी कोटवाल्या बाई! तुमचं काहीतरी पडलंय!"

चिनामीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. जानेवारीतल्या त्या सकाळी उत्तर जपानमधल्या साकाता स्टेशनबाहेर तपकिरी कोटवाल्या बाया कमी नव्हत्या, आणि तिच्याजवळ पडण्यासारखं काही उरलंही नव्हतं. वारा असा सुटला होता, की बर्फ वरून पडायचा सोडून जमिनीवरूनच उठून नाकातोंडात शिरत होता. तिकडच्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. मान खाली घालायची आणि चालायचं. ती चालत राहिली.

मागून धावती पावलं आली आणि एक माणूस वाटेतच आडवा उभा राहिला. डोक्यावर टोपी नाही, केसांत बर्फ, धाप लागलेली. त्यानं एक चिटोरा पुढे केला.

"घ्या. पडलं होतं."

"माझं नाही ते."

"तुमचंच आहे. तुम्ही न घेताच पुढे गेलात, म्हणजे… पडल्यासारखंच झालं की!"

फिकट हिरवा, तळहाताएवढा कागद. आजची तारीख, तिच्या गाडीचं नाव, वाऱ्यामुळे गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली त्याबद्दल दिलगिरी, आणि खाली स्टेशनचा शिक्का.

"उशिराची चिठ्ठी," तो म्हणाला. "गेटवर देतात. ट्रेनिंग सेंटरलाच निघालात ना? तो पिवळा लिफाफा माझ्याकडेही आहे, हा बघा. आज पहिला दिवस. उशीर झाला आणि कागद नाही, म्हणजे जानेवारीचे पैसे गेले आपले."

नऊ वर्षं ती कारखान्याच्या आवारातच राहिली होती. खोलीपासून कामापर्यंत पाच मिनिटं. उशिराची चिठ्ठी कशाशी खातात ते तिला ठाऊकच नव्हतं.

"पण… ही तुमची असेल."

"माझी ही. दोन घेतल्या. खरं तर माणशी एकच देतात, पण गेटवरचा म्हातारा माझ्या ओळखीचा आहे. म्हटलं, आजोबा, आणखी एक द्या, ती बघा कशी निघालीय, तोफेच्या तोंडून सुटल्यासारखी."

"मी काही तोफेच्या तोंडून वगैरे सुटले नव्हते!"

"बरं, नव्हतात. मी तोगाशी. तोगाशी नाओया."

"ओबाता," ती म्हणाली, आणि चिठ्ठी घेताना हसली. खोटं कशाला सांगू, नोव्हेंबरनंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

नोव्हेंबरात झालं होतं ते असं. चिनामी ओबाता, वय एकोणतीस, कॅमेऱ्याच्या भिंगांवरचे ओरखडे शोधायचं काम करायची. एका भिंगाला तीन सेकंद. तेवढ्यात केसाएवढा ओरखडा दिसला पाहिजे, आणि तिला तो दिसायचा. मग एका शुक्रवारी दुपारी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. सूट घातलेल्या एका अनोळखी माणसानं कागदावरचं वाचून दाखवलं, आणि त्याचं वाचून होईस्तोवर दोनशे चाळीस माणसं बेकार झाली होती. राहायची खोलीही कंपनीचीच, तीही महिन्याभरात रिकामी करायची. रडलं कुणी नाही. कॅन्टीनच्या बायकांनी केलेली करी वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांना वाढली, आणि सगळ्यांनी ती खाली मान घालून खाल्ली.

आईवडील राहिले नव्हते. भाऊ होता नागोयाला, पण त्याचंच त्याला पुरत नव्हतं. मग समुद्राकडच्या एका खेड्यात, बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानावरची खोली तिनं घेतली. स्वस्त, कारण खिडकीतून वारा सरळ आत यायचा. रॉकेलची शेगडी दिवसातून एकच तास पेटवायची, मग गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन रजईत शिरायचं. संध्याकाळी सात वाजता दुकानातला पोऱ्या उरलेल्या जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीची चिकटपट्टी लावत फिरायचा. त्याच्या मागे जाताना आपल्याला कुणी पाहू नये, असं तिला वाटायचं. बाकी दिवस मोड आलेली कडधान्यं आणि टोफू.

नोकऱ्यांच्या सरकारी कचेरीतल्या बाईंनी तिच्यापुढे तो पिवळा लिफाफा ठेवला होता. म्हाताऱ्यांची देखभाल करायचं शिक्षण, सहा महिने. फी नाही, उलट पोटापाण्याला महिना एक लाख येन. जूनमध्ये परीक्षा, आणि पास झालं की नोकरी जवळजवळ नक्की. अट एकच—हजेरी. ताप आला तर डॉक्टरचा कागद, गाडी उशिरा आली तर स्टेशनची चिठ्ठी. कागद नसेल तर एका दिवसाच्या उशिरापायी अख्ख्या महिन्याचे पैसे जाणार. आणि ते गेले असते तर चिनामीची खोली गेली असती, आणि खोलीपाठोपाठ शिक्षणही. तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती.

वर्गात चौदा बायका आणि एक पुरुष. त्या एका पुरुषाची काय गत झाली असेल, सांगायला नको.

"तोगाशीसान, तुम्ही आमच्याकडे या हो अंथरुणं घालायला," असं पहिल्याच आठवड्यात छप्पन्न वर्षांच्या इशिगाकीबाईंनी सगळ्यांदेखत म्हणून टाकलं. ('सान' म्हणजे आपल्याकडचं 'राव' किंवा 'बाई'.) त्या ज्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या ते बंद पडलं होतं, पण तोंड काही बंद पडलं नव्हतं.

"तुमच्या यजमानांना विचारलंत का?"

"ते झोपलेलेच असतात. त्यांच्यासकट घाला!"

तोगाशी बारा वर्षं डोंगरातल्या गरम झऱ्याच्या हॉटेलात होता. पाहुण्यांची अंथरुणं घालायची, जेवणं पोचवायची, निघताना त्यांना स्टेशनवर सोडून गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायचा. मालक गेला, मुलांनी हॉटेल विकलं, घेणाऱ्यानं कुलूप लावलं. त्याची चादर पलंगावर अशी बसायची, की होसोयाबाई, म्हणजे त्यांच्या शिक्षिका, सगळ्यांना बोलावून ती दाखवायच्या. चिनामीच्या चादरीचा मात्र एक कोपरा रोज सुटायचा.

"केसाएवढा ओरखडा दिसतो, आणि हा एवढा मोठा कोपरा दिसत नाही?" तिच्या पलंगाशी येऊन तो हळूच म्हणायचा.

"भिंगाला कोपरा नसतो, तोगाशीसान."

"असा धरा. आता दुमडा… नाही, आत. अंगठा आत." त्याची बोटं तिच्या बोटांवरून जायची आणि लगेच बाजूला व्हायची. त्याच्या स्वेटरच्या बाहीचा एक धागा निघालेला होता. तिनं तो पहिल्याच दिवशी टिपला होता. डाव्या भुवईतला बारीक व्रणही टिपला होता. सवयच ना ती! पण भिंगं ती तीन सेकंदांत खाली ठेवायची, आणि याच्याकडे बघताना तिला वेळेचं भान राहायचं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरवायचा धडा आला. एकानं डोळे बांधून म्हातारं व्हायचं, दुसऱ्यानं चमच्यानं भरवायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या म्हणे; पण चिठ्ठ्या इशिगाकीबाईंच्या हातात होत्या.

"तोंड उघडा, ओबाता आजी."

"आजी?"

"आज तुम्ही ऐंशीच्या आहात."

"काय भरवताय ते आधी सांगायचं असतं. नियम आहे तो."

"पुडिंग. पिवळं… वर करपवलेली साखर. आणि भरवणारा जरा घाबरलाय."

"का?"

"चमचा हलतोय, दिसत नाही?"

"डोळे बांधलेत माझे."

"बरं झालं," तो अगदी हळू म्हणाला. चमचा ओठाला लागला, गार आणि गोड. पट्टीआड चिनामीचे डोळे भरून आले. किती दिवसांत कुणी तिला 'खा' म्हटलं नव्हतं! त्या दिवशी तिला स्वच्छ कळलं, की आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, आणि ती घाबरून गेली. प्रेमात पडायला निदान बरे दिवस तरी असावेत की नाही?

दुपारच्या सुट्टीत ती जिन्याखाली एकटी बसून खायची. बेकरीवाले पावाच्या कापलेल्या कडांची पिशवी फुकट देतात. सोमवारी घेतलेली पिशवी ती आठवडाभर पुरवायची. एका दुपारी तोगाशी नेमका तिथे उगवला. तिनं पिशवी मागे लपवली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यापुढे एक डबा उघडला. पावाच्या त्याच कडा, लोणीसाखरेत कुरकुरीत परतलेल्या.

"मला दया नको," चिनामी ताठ होऊन म्हणाली.

"दया कसली? तुम्ही बेकरीच्या मागच्या दाराला सोमवारी जाता, मी गुरुवारी. ती बाई तुमच्याबद्दल विचारत होती, कुत्रा पाळलाय का त्यांनी म्हणून."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, हो. फार मानी कुत्रा आहे."

तिनं त्याला कोपरानं ढोसलं आणि डब्यातली कड उचलली. मग रोजच दोघं जिन्याखाली बसायला लागली. संध्याकाळी स्टेशनवरही त्याची डोंगराकडची गाडी आणि तिची समुद्राकडची यांच्यात वीस मिनिटं असायची. ती दोघं शेगडीजवळच्या बाकावर काढायची. तो सांगायचा, परीक्षा झाली की असा वृद्धाश्रम बघायचा जिथे खऱ्या झऱ्याचं पाणी असेल. "म्हाताऱ्या माणसांना रोज गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसवायचं. अर्धी दुखणी तिथेच पळतात." मग घसा खाकरून, "तिथे दोन जागा असतील तर… बघू आपण," असं म्हणून तो भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघायचा. ते दोघांनाही पाठ होतं.

सव्वीस फेब्रुवारीची गोष्ट. रॉकेल महागलं म्हणून चिनामीनं आठवड्यातले तीन दिवस पहाटे जेवणाचे डबे भरायचं काम धरलं होतं. त्या पहाटे साडेसहाला डब्यांचा सरकता पट्टा थांबला. कुणाच्या तरी बोटावरच्या जखमेची निळी चिकटपट्टी गळून पडली होती आणि ती कुठल्यातरी डब्यात होती. असं झालं की दारं बंद. पट्टी सापडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. नऊशे डबे पुन्हा उघडले. आठ वाजत आले तेव्हा ती सापडली, चिनामीलाच, समुद्रशेवाळाच्या तुकड्याखाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिची गाडी केव्हाच निघून गेली होती.

कामावर अडकले, याला सेंटरमध्ये कागद नसतो. डब्यांच्या गाडीवाल्यानं तिला शहरात आणून सोडलं तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते. फेब्रुवारीचे पैसे गेले, खोली गेली, सगळं गेलं, असं मनाशी म्हणत ती बर्फातून पळत आली. सेंटरच्या दाराशी तोगाशी उभा होता. टोपी नाही, केसांत बर्फ, पहिल्या दिवसासारखाच.

"तुमच्या आत घालायच्या सपाता दाराजवळच्या खणातच होत्या," तो म्हणाला. "म्हटलं, आल्या नाहीत अजून. आमची गाडीही आज अर्धा तास उशिरा आली. हं, घ्या."

फिकट हिरवा कागद.

"पण माझी गाडी तर वेळेवर… आणि तुमची?"

"दोन घेतल्या, नेहमीसारख्या. जा आधी तुम्ही. मी बूट झटकून येतो."

"तोगाशीसान, मी—"

"पळा हो, तोफेतल्या बाई!"

ती पळाली. चिठ्ठी तिनं ऑफिसात हजेरीचा तक्ता सांभाळणाऱ्या साकुमाबाईंच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली, वाचलीसुद्धा नाही. नऊ वर्षं ओरखडे शोधण्यात घालवलेल्या बाईनं त्या कागदाकडे तीन सेकंदही पाहिलं नाही. हे पुढे तिला फार लागलं.

मार्चमध्ये तोगाशी बारीक झाला. जिन्याखाली बसायचा, पण डबा नसायचा. "सकाळी भरपूर खाल्लंय," म्हणायचा. महिना सरता सरता, शेगडीजवळच्या बाकावर, तो हातमोज्यांकडे बघत म्हणाला,

"होक्काइदोला एका हॉटेलात जागा निघालीय. राहणं-जेवण त्यांचंच. परवा निघतो."

चिनामीला आधी ऐकू आलं तेच कळेना. "परवा? आणि परीक्षा?"

"बघू. पुढच्या वर्षी."

"तीन महिने राहिलेत फक्त!"

"घरमालक थांबायला तयार नाही, ओबातासान."

"मग मला का नाही सांगितलंत? काहीतरी केलं असतं आपण. मी…" ती अडली. काय केलं असतं तिनं? तिची खोली जेमतेम टिकून होती. लाज वाटली आणि त्या लाजेचाच राग झाला. "म्हणजे ते दोन जागांचं वगैरे… नुसतं बोलणंच होतं तर!"

त्यानं मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच्या गाडीची घोषणा झाली. तो वाकून नमस्कार करून निघून गेला. तिनं हातसुद्धा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच्या शेवटच्या दिवशी, पाय धुवायचा धडा होता. इशिगाकीबाईंनी चिनामीच्या हातात टब दिला आणि तोगाशीसमोर तिला बसवलं. पाण्यात हात घालून ते किती ऊन आहे पाहायचं, मग एकेक पाऊल आत सोडायचं. त्याच्या मोज्याची टाच तीनदा रफू केलेली होती, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं.

"पाणी कसं आहे?" नियमाप्रमाणे तिनं विचारलं.

"छान आहे."

"फार गरम नाही ना?"

"नाही."

तिनं त्याची पावलं धुतली. बोटांच्या मधून, टाचेपाशी, घोट्यापाशी. मान वर करून पाहिलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं, म्हणून तिनं पाहिलंच नाही. टॉवेलमध्ये पाऊल गुंडाळून ती क्षणभर तशीच धरून बसली, आणि होसोयाबाई म्हणाल्या, "ओबातासान, पुसून झालं की सोडायचं असतं."

निघताना तो दाराशी थांबला. "उद्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची गाडी आहे. स्टेशनवर येऊ नका हं. तुमची हजेरी नऊला."

"कोण येतंय?" ती म्हणाली, आणि रात्रभर त्या दोन शब्दांसाठी स्वतःला शिव्या घालत राहिली.

सकाळी ती पाव तास आधीच सेंटरमध्ये पोचली. बाहेर बर्फ आणि पाऊस मिसळून पडत होता. ऑफिसात साकुमाबाई पट्टी लावून हजेरीच्या तक्त्यावर एका नावावर रेघ ओढत होत्या. चिनामीला बघून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ओबातासान, दार लाव जरा. तू समुद्राकडून येतेस, नाही का?"

"हो."

"सव्वीस फेब्रुवारीला तू ट्रेमध्ये जी चिठ्ठी ठेवलीस, तिच्यावर डोंगराकडच्या गाडीचं नाव होतं. मला वाचता येतं." साकुमाबाई हळू बोलत राहिल्या. "त्या दिवशी तुझ्यामागून तोगाशीसान आला, रिकाम्या हातानं. चिठ्ठी कुठे, तर म्हणे वाऱ्यानं उडाली. मी म्हटलं, जाऊन दुसरी आण. म्हणाला, माणशी एकच देतात, गेटवरचे ओळखीचे आजोबा जानेवारीतच निवृत्त झाले. मी ट्रेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तर तो वाकून म्हणाला, 'साकुमासान, एकाचेच पैसे जाऊ देत.' सांगणार नव्हते मी. पण आज तो चाललाय, आणि तू काल त्याच्याशी नीट बोललीही नाहीस, असं इशिगाकीसान म्हणाली."

चिनामी उभी होती तिथेच राहिली. डबा नसलेल्या सगळ्या दुपारी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या.

"ती चिठ्ठी माझी नव्हती. लिहून देते मी. माझे पैसे कापा, त्याला—"

"मी काही ऐकलं नाही," साकुमाबाईंनी हात वर केला. "ऐकलं, तर दोघांचेही जातील. आणि त्याचे परत येणार नाहीत. नऊला पाच कमी आहेत. वर जा."

स्टेशन दहा मिनिटांवर. आत्ता धावत सुटली तर गाडी मिळाली असती, तो भेटला असता. आणि नऊची हजेरी गेली असती, मार्चचे पैसे गेले असते. त्यानं उपाशी राहून जे वाचवलं, तेच तिनं फेकून दिल्यासारखं झालं असतं. चिनामी जिन्यात उभी राहून रडली, चांगली हुंदके देऊन. मग नाक पुसून तिनं फोन काढला.

'चिठ्ठी एकच होती.'

उत्तर यायला वेळ लागला. 'हो.'

'मला विचारलं का नाहीस?'

'विचारलं असतं तर घेतली असतीस?'

'मूर्ख आहेस तू.'

'हो.'

'मला आवडतोस. फार आवडतोस. काल बोलले नाही, तेव्हाही आवडत होतास. गाडी सुटली की समुद्राकडच्या खिडकीत उभा राहा.'

फोन बंद करून ती वर्गात शिरली तेव्हा नऊला अर्धं मिनिट कमी होतं. होसोयाबाईंनी नावं वाचली. "ओबातासान."

"हजर," चिनामी म्हणाली. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

सेंटर रुळांना लागूनच होतं, समुद्राच्या बाजूला. वर्गाच्या खिडकीखालून उत्तरेकडची गाडी जायची. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. चिनामीनं आपल्या पलंगावरची चादर ओढून काढली.

"ओबातासान, काय चाललंय?" होसोयाबाईंचा आवाज चढला.

"माफ करा. एक मिनिट. वर्गाबाहेर जात नाही मी, हजर आहे." तिनं खिडकी उघडली. गार पाऊस आत आला. चादर बाहेर सोडली तर वाऱ्यानं ती हिसकली, एकटीला आवरेना. इशिगाकीबाई धावल्या, दुसरं टोक धरून ओरडल्या, "घट्ट धर, पोरी! अंगठा आत!"

गाडी आली, दोनच डब्यांची. तिनं आयुष्यभर तीन सेकंदांत काय काय पाहिलं होतं. आज तिला तेवढेच मिळाले. दुसऱ्या डब्याची तिसरी खिडकी. काचेला टेकलेलं कपाळ. डाव्या भुवईतला व्रण. ओठ हलत होते. मग त्यानं हात वर केला आणि हलवायला लागला, पाहुण्यांना हलवायचा तसा, लांबून दिसेल असा. आज मात्र जाणारा तोच होता. गाडी दिसेनाशी होईपर्यंत चिनामीनं चादर धरून ठेवली.

होसोयाबाईंनी खिडकी लावली, चादर पिळून बाजूला टाकली आणि कपाटातून कोरडी काढून दिली. "घाला पुन्हा," एवढंच म्हणाल्या.

सुट्टीत तिनं फोन उघडला. त्याचं उत्तर आलेलं होतं.

'चादर दिसली. तू दिसलीस. डावा कोपरा सुटलाय.'

रडता रडता तिला हसू आलं. तिनं लिहिलं, 'मग परत येऊन नीट कर. झऱ्याचं पाणी असलेला आश्रम मी शोधून ठेवते. दोन जागांचा.'

बराच वेळ काही आलं नाही. गाडी बोगद्यात असेल. सुट्टी संपल्याची घंटा झाली, बायका आत जायला लागल्या, आणि फोन बंद करता करता तो एकदा थरथरला.

'येईन, चिनामी. उशीर झाला तर चिठ्ठी घेऊन येईन.'